जुन्या मोटारीला नुसती जिद्द पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनाविषयी आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख होती. लेखाचा एकंदर सूर असा होता की, हे काम पैशापेक्षा जिद्दीचे आहे आणि जिद्द असेल तर भंगारात निघालेली गाडीसुद्धा पुन्हा दिमाखाने रस्त्यावर येते. गेली साडेसात वर्षे एका फियाटच्या मागे लागलेला माणूस म्हणून या विधानाबद्दल मला थोडे लिहावेसे वाटते, कारण माझा अनुभव जवळजवळ उलटा आहे. सुरुवातीला माझ्याजवळ जिद्दच तेवढी होती आणि माझे सर्वांत जास्त पैसे तिनेच घालवले. काम अजून पुरे झालेले नाही हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्राच्या शेवटी चकचकीत गाडी दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही.

गाडी माझ्या वडिलांची. फियाट ११०० डिलाइट, १९७१ सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. नाव नोंदवल्यापासून गाडी दारात यायला किती वर्षे लागली याची आमच्या घरात दोन उत्तरे होती, आईचे एक आणि वडिलांचे एक, आणि दोघांनीही शेवटपर्यंत आपापले उत्तर सोडले नाही. हीच गाडी पुढे नाव बदलून पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईभर धावली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. वडील २००९ साली गेले. त्यानंतर गाडी आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तिने तशाच अवस्थेत नऊ पावसाळे काढले. २०१७ च्या अखेरीस मी बँकेतून निवृत्त झालो आणि जानेवारी २०१८ मध्ये ती टेम्पोवर चढवून कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेली. अंदाज ठरला २ लाख ७५ हजार रुपयांचा आणि मुदत आठ महिन्यांची.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागेल. बँकेत तीस-बत्तीस वर्षे मी कर्जप्रकरणे तपासली. ज्या प्रकल्प अहवालात आकस्मिक खर्चाची तरतूद नसेल तो मी शेरा मारून परत पाठवत असे, आणि आधी घातलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून आणखी पैसे घालू नका, असे कित्येक धंदेवाल्यांना मी समोर बसवून सांगितले आहे. स्वतःच्या गाडीचा अंदाज मात्र मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर उभ्या-उभ्या लिहून घेतला. त्यात आकस्मिक खर्चाचा रकाना नव्हता. पत्र्याच्या कामाला चाळीस हजार, इंजिनाला साठ हजार, असे गोल आकडे होते आणि ते गोल आहेत याचाच मला संशय यायला हवा होता.

पत्र्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीचा खर्च कुठे दडलेला असतो ते त्यातून कळते. या गाडीला जीपसारखी किंवा ट्रकसारखी वेगळी सांगाड्याची चौकट नसते; तळ, खांब आणि छप्पर मिळूनच तिचे बळ असते. दरवाजांच्या खाली दोन्ही बाजूंना पत्र्याची एक लांबट पोकळ पेटी असते, तिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. बाहेरून ती साधी पट्टी वाटते, पण गाडी मधोमध वाकू नये याची जबाबदारी बरीचशी तिच्यावर असते. डेंटरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने, आल्या आल्या बोटांच्या पेराने त्या पट्टीवर टकटक केली. पुढच्या बाजूला ठण्ण असा आवाज आला, मागच्या चाकाकडे जाता जाता तो थप असा बसका झाला. मग त्याने खिशातून लोहचुंबक काढून लावला. पुढे तो चिकटला, मागे घसरून खाली पडला. पत्रा संपून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, सुरू होते ती जागा त्याने खडूने आखून दिली. तिथे त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून जेमतेम दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. "साहेब, हा पत्रा नाही, पापड आहे," असे म्हणून त्याने ती जागा उकलली. आत लांबीच्या जाड थराखाली वर्तमानपत्राचे घट्ट बोळे कोंबलेले होते. कधीकाळी कोणीतरी भोक बुजवण्यासाठी ते भरून वरून लांबी फिरवली होती आणि रंग मारला होता. एक बोळा मी उलगडून पाहिला. छोट्या जाहिरातींचे पान होते, 'जागा पाहिजे' या सदरातल्या दोन ओळी वाचता येत होत्या, बाकी सगळे गंजाने खाऊन तांबूस झाले होते. वडिलांनी त्या दुरुस्तीचे पैसे नक्कीच पूर्ण मोजले असणार. ते हिशेबाला पक्के होते, पण गाडीखाली वाकून बघणाऱ्यांतले नव्हते.

दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, चारही पायांखालचा तळ, डिकीतली स्टेपनीची जागा आणि दरवाजांच्या खालच्या कडा असा हिशेब वाढत गेला. समुद्राची खारी हवा आणि नऊ पावसाळ्यांची ओल आतून काय करत होती ते वरून कधीच दिसले नसते. तळ कापण्याआधी दरवाजे लागलेले असतानाच आतून आडव्या पट्ट्या टाकून गाडी जखडावी लागते, नाहीतर नंतर दरवाजे बसत नाहीत; हे मला माहीत नव्हते, सुदैवाने डेंटरला माहीत होते. चाळीस हजारांचे काम शेवटी १ लाख ९० हजारांवर गेले. यात कोणी मला फसवले असे मी म्हणणार नाही. बंद पत्र्याच्या आतला अंदाज कोणालाच देता येत नाही, आणि मी तो मागितला हीच चूक होती.

दुसरा खर्च मात्र निखालस माझ्या जिद्दीचा. गॅरेजात एक वाक्य असते, "आता काढलंच आहे तर..." इंजिन उतरवलेच आहे तर क्लच प्लेट बदलून घेऊ. क्लच उघडलाच आहे तर गिअरबॉक्सही बघून घेऊ. इंजिनाची जागा मोकळी आहेच तर तिथला रंग खरवडून घेऊ, आणि रंग खरवडलाच आहे तर वायरिंग नवीन ओढू. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे शहाणपणाचे असते. सगळी मिळून मात्र गाडी अशा अवस्थेला नेतात की तिचा एकही भाग दुसऱ्या भागाला जोडलेला राहत नाही. चौदाव्या महिन्यात ठरलेले २ लाख ७५ हजार संपले तेव्हा माझी गाडी तीन ठिकाणी होती: सांगाडा कुर्ल्यात चार ठोकळ्यांवर, इंजिन लेथवाल्याकडे आणि उरलेली सगळी आमच्या घराच्या गॅलरीत, खोक्यांमध्ये. कुठला नट कुठला हे लिहून ठेवायचे राहिले होते, त्याची किंमत पुढे वेगळी मोजली.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. १०८९ सीसीचे ते चार सिलिंडरचे इंजिन उभे राहून जाम झाले होते. प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल मिसळून ओतले, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून रोज थोडी मागेपुढे हलवली, तेव्हा अकराव्या दिवशी ते सुटले. उघडल्यावर मापे घेतली तर ६८ मिलिमीटरचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, याआधीच दोनदा वाढवलेला निघाला. त्यापुढच्या मापाचे पिस्टन मिळेनात, म्हणून चारही सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून नव्या नळ्या, बसवून मूळ मापावर यावे लागले. साठ हजारांचे १ लाख १५ हजार झाले, पण तो खर्च मला कधी टोचला नाही, कारण त्यातून एक पूर्ण झालेली वस्तू हाती आली.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. डेंटर उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी गेला, तो आठ महिन्यांनी परतला. तोवर ज्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर गॅरेज होते तिचा पुनर्विकास ठरला आणि गॅरेजला जागा सोडावी लागली. या शहरात पत्र्याचे, क्रोमचे, लेथचे काम करणारी माणसे अशाच पाच-सात हात रुंदीच्या गाळ्यांत बसलेली आहेत आणि इमारती पडतील तसतशी ती भिवंडीकडे, वसईकडे सरकत आहेत. जुन्या गाडीचा खर्च वाढण्यात टेम्पोच्या भाड्याचा वाटा किती असतो, हे कोणी मोजत नाही.

याच सुमारास माझी उमेद पार गेली. त्यामागे एक तारीख होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. नंबराच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे, दहा वर्षांची वैधता वगैरे. माझ्या गाडीला त्याच वर्षी पन्नास पूर्ण होत होती. योग जुळून आला असे वाटून मी घरात, नात्यात, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांत जाहीर करून टाकले की, गाडी या वर्षी बाहेर काढणार. वर्ष संपले तेव्हा तिला बॉनेटही नव्हते. त्यानंतर कित्येक महिने मी गाडीकडे फिरकलो नाही. कुर्ल्याला दुसरे काही काम निघाले तरी गॅरेजच्या नव्या गल्लीवरून जाणे टाळत असे. मिस्त्रीचा फोन आला की तो वाजू देत असे. लग्नाकार्यात कोणी "काय म्हणते फियाट?" असे विचारले की "चाललंय" म्हणून विषय बदलत असे. ज्यांची गाडी अशी अर्ध्यात अडकली आहे त्यांना हे सगळे ओळखीचे असेल. आपल्या लेखात या मधल्या काळाविषयी एक ओळही नव्हती, आणि माझ्या मते या छंदातला तोच खरा विषय आहे. पहिल्या वर्षी उत्साह असतो आणि शेवटच्या वर्षी गाडी दिसू लागते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन्ही नसते, फक्त बिले असतात.

त्यातून मी बाहेर आलो तो कोणाचे प्रेरणादायी भाषण ऐकून नव्हे. पत्नीने एके दिवशी हिशेबाची वही मागितली. पान-पान शांतपणे वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "ही विकली तर एवढे येतील का?" चार वर्षे मी तिला आणि स्वतःला सांगत आलो होतो की, जुन्या गाड्यांना आता भाव आहे आणि ही एक प्रकारची गुंतवणूकच आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरे उत्तर दिले की, नाही, येणार नाहीत, याच्या निम्मे आले तरी पुष्कळ. ती म्हणाली, "मग गुंतवणूक म्हणू नका. खर्च म्हणा. खर्च परवडतो की नाही एवढंच बघू."

संपादक महोदय, या एका दुरुस्तीने जे झाले ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. गुंतवणूक समजत होतो तोवर प्रत्येक बिल म्हणजे तोटा होता, आणि तोटा वाढताना बघून कोणाचा हुरूप टिकेल? खर्च समजल्यावर त्याच बिलाकडे बघण्याची रीत बदलली. कोणी महाबळेश्वरला जाऊन आल्यावर ते पैसे परत कधी येणार, असे विचारत नाही. आम्ही वर्षाला नव्वद हजार ही मर्यादा ठरवली. ती संपली की काम थांबते, मग नोव्हेंबर असो की फेब्रुवारी. आणि कर्जदारांना इतकी वर्षे विचारत आलेला प्रश्न मी स्वतःला विचारू लागलो: आज ही गाडी आहे या अवस्थेत मला कोणी फुकट दिली असती, तर पुढच्या टप्प्याचे वीस हजार मी घातले असते का? आधीचे सहा लाख या प्रश्नात धरायचे नाहीत. आजवर उत्तर 'हो' आले आहे. ज्या दिवशी 'नाही' येईल त्या दिवशी गाडी आहे तशी देऊन टाकीन. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सहा वर्षांनी असेच केले. सुटे भाग भरलेल्या गोण्यांसह गाडी दुसऱ्याला दिली आणि त्या जागेत नातवाची सायकल ठेवली. लोक त्यांना हरलेला समजतात. मला तसे वाटत नाही.

काम परत सुरू केले तेव्हा पहिली गोष्ट केली ती गाडी चाकांवर आणण्याची. क्रम चुकतो, असे मिस्त्री म्हणत होता. रंगाआधी चाके कशाला? पण ठोकळ्यांवरचा सांगाडा आणि चाकांवरची गाडी यांत बघणाऱ्याच्या मनाला फार फरक पडतो, आणि बघणारा मी होतो. ब्रेकची सगळी कामे उरकून तिला परत आमच्या आवारात आणले. त्यानंतर रंग व्हायच्या आधीच इंजिन बसवून घेतले. बॉनेटच्या जागी दोरीने टांगलेल्या बाटलीतून पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरला जोडली, आणि डिसेंबर २०२२ मधल्या एका सकाळी ते चार मिनिटे चालले. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या आणि वडिलांचे नाव घेऊन "आले वाटतं" असे म्हणाल्या. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे आहे, त्यांच्या बोलण्याचा फार अर्थ काढू नये हे मला कळते. पण त्या चार मिनिटांवर मी पुढची दोन वर्षे काढली, हेही खरे.

दुसरी गोष्ट चातुर्मासाची. मुंबईत जून ते सप्टेंबर जाणकार रंगारी ड्युकोच्या, म्हणजे गाडीला फवारून मारायच्या रंगाच्या, कामाला हात लावत नाही, कारण हवेतल्या दमटपणाने रंग पांढुरका पडतो. उघड्या पत्र्यावर तर रात्रीतून गंजाची लव येते. सुरुवातीची वर्षे मी या चार महिन्यांत गॅरेजवाल्याच्या मागे लागून स्वतःचे आणि त्याचे डोके उठवले. आता आषाढीला गाडीचा चातुर्मास बसतो आणि कार्तिकीला उठतो. या काळात गाडीला हात लावायचा नाही, घरात टेबलावर होईल तेवढेच काम करायचे. एका चातुर्मासात कार्ब्युरेटरची जेट साफ केली, एकात डॅशबोर्डची पट्टी घासून घेतली. गेल्या वर्षी गॅलरीतली सगळी खोकी रिकामी करून प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावली. त्यात वायपरची चार टोपणे निघाली. गाडीला दोनच लागतात. रखडलेले काम आणि ठरवून थांबवलेले काम यांत दिवस सारखेच जातात, पण दुसऱ्याचा शीण येत नाही.

तिसरी गोष्ट वहीची. हिशेबाची वही होतीच, तिच्या शेजारी आता कामाची वही आहे. तिच्यात काय राहिले ते लिहीत नाही, झाले तेवढेच लिहितो, तारीख घालून, एका ओळीत: 'मागच्या डाव्या दरवाजाचे बिजागर बसले.' 'हँडब्रेकची केबल आली.' पत्नीही आता "कधी होणार?" असे विचारत नाही, "या महिन्यात काय झालं?" असे विचारते. या प्रश्नाला माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर असते.

याचा अर्थ पुढचे सगळे सुरळीत झाले असा नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मला त्याची झळ दुकानाच्या काउंटरवर बसली. माझ्यासारख्या हौशी लोकांना इतकी वर्षे सुटे भाग मिळत होते ते आमच्यामुळे नव्हे, टॅक्सीवाल्यांमुळे. इंजिनाचे आणि चाकांकडचे कितीतरी भाग डिलाइटला आणि पद्मिनीला एकच. टॅक्सीला रोज लागतात म्हणून दुकानदार ते ठेवत होते आणि आम्ही त्या पंगतीत आयते जेवत होतो. टॅक्सी कमी होत गेल्या तसे ब्रेकच्या व्हील सिलिंडरच्या किटसाठीही तीन दुकाने पालथी घालावी लागली, आणि ऑपेरा हाऊसच्या एका काउंटरवर मला सांगण्यात आले, "आता फियाटचं ठेवून कोणाला विकू?"

पेट्रोलचेही तसेच. त्यातले इथेनॉलचे प्रमाण वाढत वाढत आता २० टक्क्यांवर आले आहे. जुन्या काळचे रबर इथेनॉलला टिकत नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि आपल्या शहरात ओलीला तोटा नाही. मी हौसेने जुन्या साठ्यातला अस्सल पेट्रोल पंप मिळवून बसवला होता आणि टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून दोन महिने गाडी उभी ठेवली होती. परत सुरू करायला गेलो तर पंपाचा पडदा फुगून मऊ झालेला, नळ्या चिकट आणि टाकीच्या तळाशी पाणी. सगळे परत काढून इथेनॉलला टिकणारे रबर बसवले. झालेले काम पुन्हा करावे लागणे याइतके मन मोडणारे दुसरे काही नाही. त्या आठवड्यात कामाच्या वहीत लिहिण्यासारखी ओळ सापडेना, म्हणून शेवटी 'टाकी रिकामी केली' एवढेच लिहिले.

'व्हीए' पाटीचा विचार मी आता सोडला आहे. त्या नियमांखाली नोंदलेली गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. ज्यांच्या गाड्या संग्रहातल्या आहेत त्यांना ते योग्यच आहे. मला मात्र रविवारी संध्याकाळी पत्नीला शेजारी बसवून स्टीअरिंगचा तो गिअर टाकत शिवाजी पार्कला एक चक्कर मारायची आहे, आणि परतताना नाना-नानी पार्कपाशी भेळ खायची आहे. त्यासाठी साधे नूतनीकरण करून घेईन. वडिलांच्या नावावरची गाडी वारस म्हणून माझ्या नावावर करण्याचे कागद, नमुना ३१ वगैरे, जमवायचे राहिलेच आहेत. हे काम मी पहिल्याच वर्षी उरकायला हवे होते. गाडी खोलण्याआधी तिचे कागद खोलून बघावेत, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे राहील.

गेल्या ३१ मार्चला हिशेब बंद केला तेव्हा एकूण खर्च ९ लाख १२ हजार झाला होता. मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक. यातले माझ्या अज्ञानाचे किती, गंजाचे किती आणि "आता काढलंच आहे तर"चे किती, अशी फोड मी एकदा करून पाहिली. तिसरा आकडा सर्वांत मोठा निघाला. म्हणून आपल्याला विनंती अशी की, पुन्हा कधी या विषयावर पुरवणी काढलीत तर रॅलीच्या दिवशीच्या गाड्यांबरोबर एखादी चौथ्या वर्षातली गाडीही छापावी, ठोकळ्यांवर उभी असलेली, दरवाजे नसलेली. तिच्या मालकाला विचारावे की, तो या रविवारी काय करणार आहे. हे जो सांगू शकतो त्याची गाडी पुढेमागे उभी राहील असे मला वाटते. 'पुढच्या वर्षी काढणार' असे सांगणाऱ्याबद्दल माझी खात्री नाही. मी तो माणूस होतो.

सध्या आषाढी होऊन गेली आहे, त्यामुळे गाडी आवारात कापडी आच्छादनाखाली आहे. ताडपत्री आम्ही बंद केली, तिच्याखाली ओल कोंडते. रंगाचा शेवटचा हात, सीटचे रेक्झिन आणि छताचे अस्तर राहिले आहे. मागच्या बंपरचे क्रोमही राहिले आहे, त्याचा भाव ऐकून मी तूर्त गप्प आहे. या रविवारी जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून उजव्या मागच्या दरवाजाची काच वर-खाली करणारी यंत्रणा उघडायची आहे. तिचा एक दात झिजला आहे. लेथवाला म्हणतो की नमुना दिला तर तो पितळेत बनवून देईल, आणि डावीकडचीही आणा म्हणतो, आता काढलंच आहे तर. डावीकडची चांगली आहे. ती मी काढणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक
हिंदू कॉलनी, दादर, मुंबई